बागुल आणि महिला एकेरी

आमच्या इंदिरानगरातल्या बागुलांना टेबल टेनिसच्या सामन्यात कोण जिंकलं हे कधीच सांगता यायचं नाही. दिवसभर पहिल्या रांगेत बसून आलेल्या माणसाला मी विचारावं, "काय हो, कोण जिंकलं?" तर म्हणायचे, "ते उद्या पेपरात येईल. का जिंकलं ते विचारा."

ते विचारायची चूक मी एकदाच केली. चहा तीनदा झाला, तरी पहिलाच डाव चालू होता.

बागुल मूळचे सटाण्याचे, सरकारी कचेरीत नोकरीला. बोलणंही सरकारी पत्रासारखं. बॅट त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती, पण राज्यातल्या प्रत्येक बड्या महिला खेळाडूची एक दोनशे पानी वही त्यांच्याकडे होती. पुरुषांचे सामने ते बघत नसत. "दोन फटक्यांत आटोपतं. अभ्यासाला उरतं काय?" प्रत्येक गुणाचे त्यांनी तीन टप्पे पाडलेले. सर्व्हिस करून मारलेला फटका, समोरून आलेली सर्व्हिस घेऊन मारलेला फटका आणि नंतरची सगळी झटापट. कुठल्या टप्प्यात कोणी गुण कमावला, कोणी घालवला, याच्या निळ्या-लाल रेघा. वहिनी वैतागून म्हणायच्या, "आमचं भांडण झालं तरी हे सांगतात, तू दुसऱ्या टप्प्यात चुकलीस!"

नियम बदलून एकवीस गुणांचा डाव अकराचा झाला, तेव्हा बागुलांनी दोन दिवस दाढी केली नाही. मी हसू दाबत भेटायला गेलो. "सगळ्या वह्या बाद झाल्या हो," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच भरले होते. मला माझीच लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ते नव्या वह्या घेऊन आले.

पुढे त्यांची मुलगी वैशाली निवड स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली. सामना नाशिकलाच होता, म्हणून मीही बागुलांबरोबर गेलो. जिंकणारी राज्याच्या संघात जाणार होती, आणि वैशालीचं कॉलेज संपत आल्यामुळे तिची ही शेवटचीच संधी. नेमका तिचा कोच तापाने पडलेला. दोन-दोन डाव झाले आणि वैशाली घाम पुसत थेट आमच्यापाशी आली.

"बाबा, सर्व्हिस घेताना माझं काय चुकतंय? लवकर सांगा!"

बागुलांनी वही उघडली. मीही वाकून बघितलं. समोरच्या मुलीच्या रकान्यात रेघांची गर्दी होती. वैशालीचा रकाना चारही डाव कोरा.

"बाबा?"

"तुझ्याकडे बॉल आला की माझे डोळे मिटतात गं," बागुल पुटपुटले. "तू लहान होतीस तेव्हापासून. तुझी एकही मॅच मी पुरती बघितलेली नाही."

पोरगी आता भडकणार असं मला वाटलं. पण तिने वही काढून घेतली आणि माझ्याकडे दिली.

"आता उघडे ठेवा. काका, यांच्याकडे लक्ष द्या."

पाचवा डाव बागुलांनी माझा गुडघा आवळून बघितला. एकदाही पापणी मिटली नाही. वैशाली बारा-दहा अशी हरली.

ती बॅग खांद्याला लावून आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. बागुल उठून उभे राहिले. सरकारी मराठी कुठल्या कुठे गेली आणि तोंडातून सटाण्याची अहिराणी आली.

"मनी पोर कितली भारी खेळस हो!"

आधी मला सांगितलं, मग अंपायरला, मग हॉल झाडायला आलेल्या बाईंना. वैशाली रडत रडत त्यांची बाही ओढत होती, "बाबा, पुरे ना!" पण ते काही केल्या थांबेनात.