येण्याचं कारण

सबनीसकाका मोरा बंदराजवळच्या एका गावात राहायला गेले, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी काय नेलं असेल, तर व्हिजिटर रजिस्टर. पंखा नंतर गेला. ओट्यावर टेबल, टेबलाला दोरीनं बांधलेलं पेन, आणि रजिस्टरात रकाने: नाव, फ्लॅट नंबर, वाहन क्रमांक, येण्याचं कारण. ज्या गावात माणूस हाक मारायच्या आधी चुलीपर्यंत पोचलेला असतो, त्या गावात.

सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत काका सतरा वर्षं सेक्रेटरी होते. मी समोरच्या फ्लॅटमधला, त्यामुळे साक्षीदारही मीच आणि आरोपीही मीच. "सिस्टिम पाहिजे," हे त्यांचं पालुपद. माझ्या आईला त्यांनी एकदा गेटवर येण्याचं कारण विचारलं. 'मुलाला भेटणे' हे त्यांना मोघम वाटलं.

शेवटी एका निवडणुकीत आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना पाडलं आणि वर पेढे वाटले. काकू आदल्याच वर्षी गेल्या होत्या. महिन्याभरात काकांनी फ्लॅटला कुलूप घातलं. "परत आलो तर सबनीस नाव लावणार नाही," म्हणाले. तीन महिन्यांत येतील, यावर ग्रुपवर आमचं एकमत झालं. एरवी आमचं कशावरही होत नाही.

गावात पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या पारूबाईला तिच्या कोंबड्याबद्दल लेखी तक्रार दिली. शांततेची वेळ सकाळी सातपर्यंत, वगैरे. पारूबाई मासे विकते. लिहिण्यावाचण्याशी तिचा संबंध नाही. संध्याकाळी तोच कागद सुके बोंबील बांधून परत आला. काकांनी बोंबील खाल्ले आणि कागद फाइलला लावला. त्या फाइलला अजून वास येतो.

रजिस्टरला मात्र गाव सरावलं. कुणी वाहनाखाली 'होडी' लिहिलं, कुणी फ्लॅट नंबरात 'चिंचेमागं'. सीवूड्समध्ये हे ऐकून आम्ही खूप हसलो.

वर्ष झालं, काका परतले नाहीत. त्यांची पार्किंगची जागा रिकामी, आणि माझी दुसरी गाडी रस्त्यावर. मी अर्धा किलो मिठाई घेऊन विचारपूस करायला निघालो.

"आधी एंट्री," काका ओट्यावरूनच म्हणाले. मी कारणाच्या रकान्यात 'असंच' लिहिलं आणि पानं चाळू लागलो. बहुतेक ठिकाणी एकच मजकूर होता, वेगवेगळ्या अक्षरांत: 'काय काम नाय. बसाला आलो.' मध्येच एका पानावर नुसतेच जांभळे अंगठे, ओळीनं सात.

"पारूबाई," काका म्हणाले. "मला ताप होता तेव्हा. रोज पेज घेऊन यायची. मी आत पडून. पण एंट्री चुकवली नाही तिनं. शाईचं पॅड कपाटातून स्वतः काढायची."

एवढ्यात पारूबाईच मागच्या दारानं आली. मी विचारलं, ताप असताना अंगठे कशाला? ती म्हणाली, "त्यांना बरा वाटतं. कोन आलता त्याची नोंद पायजे त्यांना. मंग आपला काय जातंय?"

काकू गेल्या तेव्हा ग्रुपवर आमचे एकशेबारा जोडलेले हात आले होते. त्यांत एक माझा होता. दार मात्र समोरच असून मी वाजवलं नव्हतं. मला लाज वाटली, चांगलीच वाटली.

काकांनी चष्मा लावून माझी ओळ वाचली. 'असंच' वर सरळ रेघ मारली आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पार्किंग'.

"तुमच्याआधी सोसायटीतले तिघं येऊन गेले," ते म्हणाले. "तिघांनीही 'असंच' लिहिलंय."

त्यांनी खणातून कागद काढून परवानगी लिहिली, तारीख घातली, सही केली. "तिघांना नाही म्हणालो. तुम्ही समोरचे," एवढंच म्हणाले. पारूबाईनं ताटं घेतली. मी घड्याळ बघितलं, तर तिनं माझ्या हातातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

जेवून मी निघालो. काका ओट्याच्या पायरीपर्यंत आले.

"गाडी लावा खुशाल," म्हणाले. "पण एकदा खरंच असंच या. एंट्री नाही मागणार."