सोमवारी सादर करावयाचा आनंद

कर्मचारी सुट्टीच्या दिवशी नेमके काय करतात याबाबत कंपनीकडे कोणतीही माहिती उपलब्ध नाही, ही गंभीर बाब वरिष्ठांच्या नजरेस आली. एका शुक्रवारी संध्याकाळी, सगळेजण टेबलं आवरून निघायच्या बेतात असताना, परिपत्रक येऊन धडकलं. शनिवार-रविवारी प्रत्येकाने काहीतरी वाचावे, काहीतरी पाहावे, एखादा छोटासा आनंद उपभोगावा आणि सोमवारी सकाळी तो सहकाऱ्यांसमोर सादर करावा. खाली बारीक अक्षरात टीप होती : 'आनंद ऐच्छिक आहे. सादरीकरण अनिवार्य आहे.'

कंपनी विम्याची होती. कोणाचं गोदाम जळालं, कोणाची मोटार खांबावर आदळली, की दावे विभागाचा तपासनीस जागेवर जायचा आणि राख किती नि रडणं किती याचा अंदाज घेऊन यायचा. माणूस खोटं बोलायला लागला की आधी तपशील वाढतात, हे त्याचं आयुष्यभराचं निरीक्षण. 'धूर आधी डाव्या कोपऱ्यातून निघाला, तेव्हा रेडिओवर बातम्या चालू होत्या,' असं कोणी सांगू लागलं की तो शांतपणे पेनाला टोपण लावायचा. पुढचं ऐकायची गरज नसे.

पहिल्या सोमवारी सगळ्यांना चहाच्या खोलीत गोल बसवण्यात आलं. विभागप्रमुख बाई नुकत्याच कसल्याशा प्रशिक्षणाहून परतल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं स्मित अजून उतरलेलं नव्हतं. रोखपालांनी सुरुवात केली. त्यांनी म्हणे धान्याच्या व्यापाराचा सातशे पानी इतिहास वाचून संपवला होता. स्वागतकक्षातल्या मुलीने एक परदेशी सिनेमा पाहिला होता. त्यात एक मेंढपाळ आणि एक शेळी, आणि कोणीच काही बोलत नाही.

"शेवटी शेळी वळून बघते," ती म्हणाली. "मी पार सुन्न झाले."

शेळी नेमकी कुठल्या बाजूने वळली हेही तिने सांगितलं. तपासनिसाचा हात नकळत टोपणाकडे गेला.

मग त्याची पाळी आली. "मी झोपलो," तो म्हणाला.

"म्हणजे ध्यान?" बाईंनी आशेने विचारलं.

"नाही, झोप. दुपारची. उठलो तेव्हा गालावर चटईचे वळ होते."

खोलीत कोणी हसलं नाही. बाईंनी स्मित जरासं आवरतं घेतलं. "झोप ही विश्रांतीत मोडते. विश्रांती तुम्हाला रजेच्या नियमांत आधीच मंजूर आहे. एकाच बाबीचा लाभ दोनदा कसा घेता येईल?"

त्याच्या शेजारी रेकॉर्डवाले काका बसले होते. कार्यालयात सगळ्यांत जुना माणूस. तपासनिसाचा सकाळ-दुपारचा चहा त्यांच्याशिवाय होत नसे. ते म्हणाले, "मी खिडकीशी बसलो."

"वा! काय दिसतं खिडकीतून?"

"समोरची भिंत."

"आणि?"

"आणि काही नाही. बरीच मोठी आहे."

दोघांच्याही नावापुढे 'आनंद अपूर्ण' असा शेरा पडला. दुसऱ्या दिवशी बाईंनी तपासनिसाला केबिनमध्ये बोलावून घेतलं. "तुमच्यात आनंदाची क्षमता आहे, असं मला मनापासून वाटतं," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "वार्षिक अहवालात मला तसं लिहिता आलं पाहिजे."

आता खरं सांगायचं, तर तपासनिसाकडे आनंद होता. पण तो सांगण्यासारखा आहे, असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी दुपारी त्याची बायको पलंगावर आडवी होऊन मोठ्याने रहस्यकथा वाचायची आणि तो खाली चटईवर बसून मटार सोलत ऐकायचा. बायको शाळेत भूमिती शिकवायची. आठवडाभर कोन-त्रिकोण करून थकलेला तिचा आवाज रविवारी मोकाट सुटायचा. पोलीस इन्स्पेक्टर नाकातून बोलायचा, श्रीमंत विधवेला दमा असायचा, आणि खून झालेला माणूससुद्धा मरायच्या आधी दोन वाक्यं चांगली घोळवून बोलायचा. पुस्तकं रद्दीतली, बहुतेकांची शेवटची पानं गायब. मग खुनी कोण यावरून दोघांचं जुंपायचं. एकदा तर रागाच्या भरात त्याने टरफलं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात टाकले होते. भांडता भांडता त्याचा डोळा लागायचा. चटईचे वळ ते हेच.

दुसऱ्या सोमवारी, अहवालाच्या धास्तीने, त्याने हे सांगून टाकलं. तपशील मुद्दामच कमी सांगितले, खोटं वाटू नये म्हणून.

स्वागतकक्षातल्या मुलीने डोळे टिपले. बाई उठून उभ्या राहिल्या. "आणि हे तुम्ही आमच्यापासून इतकी वर्षं लपवून ठेवलंत?" त्यांच्या स्वरात तक्रार होती, म्हणजे कपाटात कंपनीच्या मालकीची वस्तू सापडावी तशी. "याचा फोटो पाहिजे."

संध्याकाळी घरी त्याने विषय काढला.

"मी वाचू, की फोटोला बसू?" बायकोने विचारलं.

"अगं, एकच तर फोटो. वाचता वाचता काढतो."

"मला कळलं नाही तर चालेल. कळलं तर माझा इन्स्पेक्टर नाकातून बोलणार नाही."

तिला कळलं. इन्स्पेक्टर त्या दिवशी साध्या आवाजात बोलला, आणि फोटोही नामंजूर होऊन परत आला. कारणं सोबत जोडली होती : पुस्तकाला कव्हर नाही, पातेलं पोचे आलेलं, पत्नीच्या अंगात गाऊन, आणि वाचनाचा विषय खून. कंपनीने आपणहून एक नवंकोरं पुस्तक पाठवलं. विषय होता, मोठ्या माणसांनी पहाटे उठून काय केलं. बरोबर दोन उशा आणि एक वेताची टोपली, मटारांसाठी. आणि कळवलं, की येत्या रविवारी विभागप्रमुख बाई छायाचित्रकाराला घेऊन स्वतः येतील. चित्रफीत करायची आहे.

"रविवारी?" बायको म्हणाली. "आपल्या?"

"तासाभराचं काम आहे," तो म्हणाला. "अहवालाचा प्रश्न आहे गं."

रविवारी तिने इस्त्रीची साडी नेसली, केस बांधले आणि परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभी राहते तशा चेहऱ्याने पलंगावर बसली. छायाचित्रकाराने पलंग खिडकीकडे सरकवला. मटार हिरवे दिसत नव्हते म्हणून त्यांच्यावर पाणी मारलं. मग म्हणाला, "वहिनी, काहीही वाचा. आवाज घेणार नाही, वरून संगीत टाकायचं आहे. ओठ तेवढे हलू देत."

"काहीही?"

"काहीही."

ती आत जाऊन आली आणि पुस्तक उघडून गंभीर, भरल्या आवाजात वाचू लागली.

"यंत्र समतल जागी ठेवावे. जागा समतल नसल्यास यंत्र थरथरेल. थरथर सुरू झाल्यास घाबरून जाऊ नये."

तपासनिसाने मान वर केली. नव्याकोऱ्या पुस्तकाच्या आत कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका होती.

"आत पाणी साचू देऊ नये. बाहेरच्या माणसाने यंत्र उघडल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. घरगुती वापराखेरीज अन्य कारणासाठी वापर केल्याचे आढळल्यास हमी आपोआप संपुष्टात येईल."

दाराशी उभ्या असलेल्या बाईंचे डोळे पाणावले. "किती साधी भाषा," त्या कुजबुजल्या. "आणि किती आत जाते! अनुवाद आहे का?"

"हो," बायको म्हणाली. ते खरंच होतं.

"वाटलंच मला. मूळ भाषेची खोली जाणवते."

त्या दिवशी तपासनिसाला हसू आवरेना. पाहुणे गेल्यावर तो पोट धरून हसला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती पलंग पुन्हा भिंतीकडे ढकलत होती, एकटीच.

सोमवारी बाईंनी त्या वाचनाची तोंडभरून स्तुती केली. तेव्हा रोखपालांनीही तेच पुस्तक आपण पूर्वी वाचल्याचं सांगितलं. शेवट जरा घाईत उरकल्यासारखा वाटतो, असं त्यांचं मत पडलं.

चित्रफीत सगळ्या शाखांत गेली. वरून आदेश आला की विवाहित कर्मचाऱ्यांनी महिन्यातून किमान एक रविवार जोडीदाराकडून वाचून घ्यावे, अविवाहितांनी आईकडून. हिशेब विभागातल्या एकाचा घटस्फोटाचा दावा कोर्टात होता. त्याने सवलत मागितली. वाचनाचे सत्र वकिलांच्या उपस्थितीत पार पाडण्यास हरकत नसल्याचे त्याला कळवण्यात आलं. आणि एवढ्या सगळ्यांचे आनंद तपासायचे कोणी, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा साहजिकच एकच नाव पुढे आलं. दाव्यांचा तपासनीस आनंदाचा तपासनीस झाला. केबिन मिळाली. दारावर पाटी लागली.

सुरुवातीला त्याला वाटलं, आता आपण या थापा बंद करू. पण पहिल्याच आठवड्यात त्याच्या ध्यानात आलं की थापा कागदावर नीट बसतात. सातशे पानं म्हणजे सातशे पानं. शेळी वळली म्हणजे वळली. पंचाईत होती खऱ्यांची. टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, 'रविवारी कोणाशी एक शब्द बोलले नाही. फार बरं वाटलं.' यात पुरावा काय घ्यायचा? त्याने नामंजूर केलं. आणि रेकॉर्डवाले काका दर सोमवारी तीच भिंत घेऊन येत.

"काका, काहीतरी घाला हो त्यात," तो केबिनमध्ये अजिजीने म्हणाला. "भिंतीवर पिंपळाचं रोप उगवलंय म्हणा. चिकाटीचं प्रतीक वगैरे. मी लगेच सही करतो."

"रोप नाहीये रे."

"कोण बघायला येतंय?"

"तूच यायचास की पूर्वी," काका म्हणाले. "खोटे क्लेम पकडायला. आता खरे फेटाळतोस. बढतीच म्हणायची."

बाहेर दोघांच्या चहाचे कप निवत होते. काका आपला घेऊन खाली गेले. त्या महिन्याअखेरीस आनंद अपूर्ण असलेल्यांची शहराबाहेरच्या गोदामात बदली झाली. यादीवर सही करताना तपासनिसाचा हात क्षणभर थांबला. मग नियम नियम आहे, आपण नाही केली तर दुसरा कोणी करेल, असं जे प्रत्येक सही करणाऱ्याला सुचतं ते त्यालाही सुचलं.

घरी वेताची टोपली कपाटावर गेली होती. पहिल्या रविवारी बायको म्हणाली, डोकं दुखतंय. दुसऱ्या रविवारी पेपर तपासायचे होते. तिसऱ्या रविवारी त्याने स्वतःच मटार आणले, चटई अंथरली आणि हाक मारली. ती आली, पलंगावर बसली, पुस्तक उघडलं. एक पान वाचलं. इन्स्पेक्टर, विधवा, मयत, सगळे एकाच आवाजात बोलले, बातम्या द्याव्यात तसे.

"अगं, नाकातून," तो म्हणाला.

"मला आता आठवत नाही तो कसा बोलायचा." तिने पुस्तक मिटलं. "आणि तुम्ही ऐकत नाही हो. तुम्ही मंजूर करता."

त्यानंतर ती रविवारी दुपारी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात जाऊ लागली. दार लावून घ्यायची. एके दिवशी तो एकटाच चटईवर पडला असताना आतून आवाज आला. नाकातला. मग दम्याची धाप. मग ती एकटीच खदखदून हसली. तो उठून दाराशी गेला.

"काय झालं गं? कशाला हसलीस?"

हसणं थांबलं. "काही नाही."

"सांग ना."

"सांगितलं की सोमवारी सगळ्यांना कळेल."

तो बराच वेळ दाराबाहेर उभा राहिला. दार ठोठावावं, माफी मागावी, नोकरी गेली खड्ड्यात म्हणावं, असं सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं. त्याच वेळी डोक्यात एक वाक्य आपोआप जुळलं, आणि ते इतकं सुबक जुळलं की विसरायच्या आत लिहून ठेवावं म्हणून तो पेन शोधायला गेला.

'बंद दाराआड आपलं माणूस मनमोकळं हसतंय आणि आपण बाहेर उभे राहून ऐकतोय. याहून मोठा आनंद तो कोणता!'

सोमवारी बाईंना ते वाचताना हुंदका आवरला नाही. मागे उगवता सूर्य टाकून वाक्य सगळ्या शाखांना गेलं, शाखांतून घरोघरी, घरांतून ओळखीपाळखीत. फिरत फिरत ते शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही आलं. चित्रकलेच्या बाईंनी ते भूमितीच्या बाईंना वेगळं पाठवलं : 'किती सुंदर ना!' तिने ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि फळ्यावर वर्तुळ काढायला उठली.

एवढ्या लोकांपर्यंत ते पोहोचलं, पण दार मुळात बंद का होतं, असं कोणीही विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत, असं समजू नका. मघाशी ते वाक्य वाचलंत तेव्हा तुम्हाला आवडलं होतं. कोणाकोणाला पाठवता येईल, अशी दोन-चार नावंही डोळ्यांपुढून गेली होती. आता अनमान कशाला? पाठवून टाका. सोमवार उजाडायच्या आत.