मोजणीदारांचं घर शिंप्याच्या स्वयंपाकघरात

निवृत्त मोजणीदार स्वतःच सांगायचे की, त्यांनी हद्द आखली की मुंग्यासुद्धा ती विचारून ओलांडायच्या. मी त्या मुंग्या पाहिलेल्या नाहीत. पण सांगताना मोजणीदारांचा आवाज असा लागायचा की ऐकणाऱ्याला पायाखाली बघावंसं वाटे. अलीकडे मात्र ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. बायको गेली, लेक दूर, आणि घरात आवाज काय तो फ्रिजचा.

लेकीनं नकाशाचा प्रोग्रॅम घालून लॅपटॉप पाठवला. "बाबा, तुमच्या जुन्या मोजण्या उपग्रहाच्या फोटोवर बसवा. वेळ जाईल."

त्यांनी गावाची मोजणी बसवली आणि आधी आपली गल्ली शोधली. बघतात तर काय, त्यांच्या घराची लाल रेघ जाऊन पडली होती शेजारच्या शिंप्याच्या स्वयंपाकघरावर! मोजणीतला नदीचा पूलही कोरड्या माळावर उभा होता, पण त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. नदी सरकली असेल. त्यांची मोजणी थोडीच सरकणार?

लॅपटॉप काखेत मारून ते शिंप्याकडे गेले.

"तुमचा ओटा माझ्या जागेत आहे."

शिंप्याच्या तोंडातली टाचणी पोटात जाता जाता राहिली. "काका, लग्न झाल्यापासून आम्ही तिथंच रांधतोय."

"उपग्रहाला तुमच्या लग्नाशी काय करायचंय?"

शिंपीणबाई धोरणी. त्यांनी मुकाट्यानं ताट वाढलं. "आधी जेवून घ्या, काका. रिकाम्या पोटी कसली मोजणी?"

घरात चार पोरं, एक सासू, दोन शिलाई मशिनी, आणि सगळी एकदम बोलणारी. मोजणीदार दोन घास जास्तच जेवले.

"प्रकरण किचकट आहे," निघताना म्हणाले. "उद्या पुन्हा बघावं लागेल."

उद्या झालं, परवा झालं, तेरवाही झालं. पाहणी नेमकी जेवणाच्या वेळी. धाकटी त्यांना हद्दकाका म्हणू लागली. शिंप्यानं त्यांच्या सदऱ्याची फाटकी कॉलर फुकट बदलून दिली. मोजणीदारांना वाटलं, माया. त्या घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, हे त्यांना कोण सांगणार?

लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी ऐटीत सगळं ऐकवलं.

"बाबा, पूल कुठं दिसतोय?"

"माळावर."

"मग आपलंच घर नाही, अख्खं गाव सरकलंय. जुन्या मोजणीचा आधारबिंदू वेगळा असतो, तो संगणकाला सांगायचा राहिला तुमचा. वरची यादी उघडा, जुनी पद्धत निवडा."

निवडली. लाल रेघा सुळकन सरकल्या, पूल नदीवर गेला, आणि मोजणीदारांचं घर त्यांच्या स्वतःच्या घरावर येऊन बसलं. छप्पर दिसलं, अंगण दिसलं. माणूस कुणी दिसलं नाही.

नाही सांगितलं तर? ते बराच वेळ घुटमळले. पण खोटी हद्द ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. जेवणाच्या वेळी ते शिंप्याच्या दारात उभे राहिले.

"ओटा तुमचाच आहे. चूक माझी होती."

शिंपीणबाई मटकन खाली बसल्या. सासूनं वर बघून हात जोडले. शिंप्याचे डोळे पाणावले. "फार उपकार झाले, काका. आता तुम्हाला रोजची तंगडतोड नको." आणि त्यानं दार इतकं अलगद लावून घेतलं की कडीचासुद्धा आवाज झाला नाही.

मोजणीदार घरी आले. खायला काहीच नव्हतं; इतक्या दिवसांत घरी काही शिजलंच नव्हतं. त्यांनी लेकीला फोन लावला.

"अगं, बसलं हो सगळं नीट. एक विचारायचं होतं. हे पश्चिमेकडे सरकवता येतं का? त्या अंगाला सुतार राहतो. त्याच्याकडेही बरीच माणसं आहेत."