‘देतो’ की ‘सोडतो’?

मनकर्णाने तुरेवाला कोंबडा डालग्याखाली घातला आणि वर पोतं अंथरलं. गेल्या खेपेला जावई कल्याणने कोंबड्याची तंगडी चावून चावून शेवटी हळूच ताटाखाली सारली होती. ताट उचलताना तिला ती सापडली, तेव्हापासून काळजात काटा रुतावा तसं झालं होतं.

“रानभर उंडारल्यालं कोंबडं राठच लागनार,” ती शेजारच्या कडूबाईला म्हणाली. “आता चार दिस निस्ता आराम. भिजल्याली बाजरी, ताक अन् अंधार. कापल्यावरबी हळद-मीठ लावून निवांत ठिवीन. औंदा मटान बोटानं तुटाया पायजे.”

पोत्याखाली उजाडलेलं कळेना, म्हणून कोंबडा आरवेना. काष्टीच्या बाजाराहून रात्री परतलेल्या तिच्या नवऱ्याला, सूर्यभानला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहाट मुकीच आली तसा तो उठला. पोतं सारलं, डालगं उचललं, तर कोंबडा मान आखडून, डोळे मिटून गप्प!

“मानमोडी!” याच रोगाने मागे सगळं खुराडं रिकामं केलं होतं. एवढा एकच जीव मागे उरला होता. त्याने बांधावरच्या म्हसोबाकडे तोंड करून हात जोडले, काही पुटपुटला. तेवढ्यात कोवळं ऊन तुऱ्यावर पडलं. कोंबड्याने पंख झाडले आणि सारं शिवार जागं होईल असा आरवला.

मनकर्णा धावत आली. “पोतं कुनी काढलं?”

“अगं, मरत हुता त्यो! म्हसोबाला बोललो, तवा उठला.”

“काय बोलला?”

“बरा कर, म्हनलं...”

“म्होरं? आठवा नीट. ‘देतो’ म्हनला का ‘सोडतो’?”

‘देतो’ असेल, तर म्हसोबापुढे कापून प्रसाद जावयाच्या ताटात. ‘सोडतो’ असेल, तर कोंबडा जन्माचा देवाचा. त्याच्या पिसालाही सुरी लागायची नाही.

सूर्यभान खाली बसला होता. कोंबडा त्याच्या मांडीवर चढला होता आणि तो त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

“कडूबाई, तू तर कुडापल्याड हुतीस. काय म्हनले ह्ये?”

कडूबाईने त्या हाताकडे पाहिलं. “सोडतो म्हनले भावजी. शपथ घिऊ का देवाची?”

“नगं, नगं!” सूर्यभान घाईने म्हणाला.

चौथ्या दिवशी दुपारी लेक-जावई आले. मनकर्णाने खाली मान घालून कल्याणपुढे कुळथाच्या शेंगोळ्या वाढल्या. “पाव्हनं, देवाचं आडवं आलं. गोड मानून घ्या.”

कल्याणने ताट पुसून घेतलं. पुन्हा मागितलं, पुन्हा पुसलं. मग सासऱ्याच्या कानाशी वाकला. “मामा, म्होरल्या खेपंलाबी कायतरी बोला की म्हसोबाला.”

चुलीपाशी मनकर्णाचा हात थबकला. “आवडत न्हाई कोंबडं, तर इतकी वर्सं चावत कशापायी बसला?”

कल्याणची मान खाली गेली.

“तुमी दाराआडून बघत हुता ना, मामी.”