सम्राटाच्या घरातली सुरखी

मुलांनो, सुट्टीत तुम्ही रोमला जाणार असं काल फोनवर कळलं, म्हणून आजच लिहायला बसले. आपल्या घरातलं एक माणूस तिथे आधीच जाऊन आलंय, आणि सम्राटाच्या राजवाड्यात पहारेकऱ्याचा ओरडा खाऊन आलंय.

ते म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, अण्णा. सिन्नरचे गवंडी. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला कान लावून बोटांनी ठोकायचे, मग चहा घ्यायचे. देवळालीला माझ्या मैत्रिणीच्या नव्या बंगल्यात ते तिच्या तोंडावर म्हणाले, "पोकळ हाय. खिळा ठोकू नका, पलीकडं निघंल." ती सहा महिने माझ्याशी बोलली नाही.

अण्णांची हयात चुन्याच्या बांधकामात गेली. विटा कुटून केलेली भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात कालवायची आणि त्याने भिंती जोडायच्या. पुढे ते कुणालाच नको झालं. त्यांचा ठेकेदार मुलगा एकदा पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाला, "अण्णा, तुमचा चुना आता पानालाच लावा." अण्णा भरल्या ताटावरून उठले.

आजोबा निवृत्त झाल्यावर आम्ही युरोपच्या सहलीला निघालो. माहितीपत्रकातलं त्या राजवाड्याचं चित्र अण्णांनी बराच वेळ बघितलं.

"दोन हजार वर्सं? तवा सिमीट नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मंग मी येतो."

वाटेतल्या शहरांत ते बसमध्येच झोपून राहिले. रोमच्या टेकडीवर मात्र सगळ्यांच्या पुढे. लोक फोटो काढत होते, अण्णांनी भिंतीला कान लावला. पहारेकरी ओरडत आला.

"सुमन, सांग त्याला, भिंतीची तब्येत बघतोय," अण्णा मला म्हणाले.

मग एका फुटक्या जमिनीच्या कडेशी ते उकिडवे बसले. आत लाल खडे दिसत होते. "त्या पोरीला इचार, काय कालवलंय."

गाइड मुलगी म्हणाली, चुना आणि कुटलेल्या विटा. मी मराठीत सांगितलं. अण्णांनी ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं, मग उठून उभे राहिले. "आपलाच माल! राजाच्या घरात!" बरोबरच्या नाशिककरांनी टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण त्या एका वाक्याच्या भाषांतराचा मला अजून अभिमान वाटतो.

गाइड सम्राटांची नावं सांगू लागली. अण्णा हळूच म्हणाले, "राजाचं ऱ्हाऊ दे. सुरखी कोनी कुटली, ते इचार."

ती नावं कुठेच लिहिलेली नाहीत, असं ती म्हणाली.

"आमची कुटायची," अण्णा म्हणाले. थोरल्या जाऊबाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर अण्णांच्या तोंडून त्यांचा विषय मी पहिल्यांदाच ऐकत होते. "हाताला फोड आले तरी बारीक चाळूनच द्यायची. लोक म्हनायचे, अण्णाची भिंत. मीबी तसंच म्हनायचो."

परत आल्यावर त्यांनी मला सिन्नरला बोलावलं. परसात अण्णांनी आणि जाऊबाईंनी मिळून चुना-सुरखीत बांधलेली पाण्याची टाकी आहे. तिच्यावर मी खडूने अक्षरं काढून दिली आणि अण्णांनी ती छिन्नीने कोरली: सरूबाई. स्वतःचं नाव घालू दिलं नाही.

अण्णा आता नाहीत. टाकी आहे. रोज भरते, आणि गळत नाही.