गवत चाखणारे बापूसाहेब

बापूसाहेब गुप्ते गवत खायचे. गवत खाणं म्हणजे पैसे खाणं वगैरे नव्हे, खरोखरचं गवत. सकाळी मी शाळेला निघालो की भिसेगावच्या बांधावर ते उकिडवे बसलेले दिसत. धोतराचा काचा मारलेला, डोक्यावर काळी टोपी, समोर कुणाची तरी गाय, आणि दोघांचीही तोंडं हलताहेत.

"काय बापूसाहेब, आज काय?" मी विचारी.

तोंडातली काडी या गालातून त्या गालात नेत ते म्हणत, "पवना. परवापेक्षा तुरट झालाय. बघा की चाखून." आणि माझ्यापुढे मूठ धरत. आता शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी कर्जतच्या शाळेतला मास्तर, पण आमच्या डोंगरावरची निम्मी गवतं माझ्या पोटात गेलेली आहेत.

ही पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या काळातली गोष्ट. बापूसाहेब पुण्याला शेतकीचं शिक्षण घेऊन सरकारी गोठ्यावर चांगल्या हुद्द्यावर लागले होते. ते सोडून ते गावी परत आले. का, तर तिथे भिंतीवर तक्ता लावलेला असे आणि तक्त्याप्रमाणे गाईला चारा मिळे. "तक्ता गाईला वाचता येत नाही हो मास्तर," ते मला कळवळून सांगत. "गाय शहाणी असते, गवतही शहाणं असतं. मधे लुडबुडतो तो माणूस." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि म्हणताना मधल्या माणसाच्या जागी नेहमी माझ्याकडे बोट करत.

तर मोकळी सुटलेली गाय आपल्या मर्जीनं काय खाते, काय टाकते, का टाकते, आणि त्याचा दुधावर काय परिणाम होतो, हे शोधायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी ते गावच्या गुरांमागे दिवसभर हिंडत. गाईनं जिथं तोंड घातलं त्याच्या शेजारचं तसंच गवत, तेवढ्याच उंचीवर, बोटांनी ओरबाडून ते गळ्यातल्या पिशवीत टाकत. मी एकदा विळा देऊ केला तर असे रागावले! "गाईकडे विळा असतो का? ती जिभेचा विळखा घालते आणि हिसडा देते. तसंच तोडायला हवं." त्यामुळे त्यांची बोटं कायम चिरलेली असत. गोळा केलेलं गवत वाळवून ते पुण्याच्या एका मित्राकडे तपासायला पाठवत आणि त्याच्या उत्तराची वाट सासुरवाशिणीनं मुराळ्याची बघावी तशी बघत.

गुरं राखायला कशेळ्याकडचा गोमा ठाकर होता. तो एकदा मला म्हणाला, "मास्तर, तुमचा बापूसायब गाईच्या मागं जातो का गाई त्याच्या मागं जातात, ह्ये मला आजून समाजलं नाय. पन त्यो आला का गुरं पांगत नाय बगा." पगार न देता जोडीदार मिळाला म्हणून गोमा खूश होता.

मी एका रविवारी त्यांच्याबरोबर पळसदरीच्या उतारावर गेलो. मला काय, सगळा डोंगर हिरवा दिसत होता. बापूसाहेबांनी मला एका तांबड्या गाईच्या तोंडाशी अक्षरशः आडवं झोपवलं. "आता बघा." मी बघितलं. एवढ्या मोठ्या धुडाचं ते ओलं काळं नाक गवतावरून फिरत होतं आणि तांदळातले खडे वेचावेत तशी ती एकेक पान वेचत होती. कुसळाला बगल देऊन मागचं मारवेल गवत घेतलं. त्याच मारवेलाचा जून दांडा टाकला, शेंडा घेतला. मधेच एक बारकासा वेल शोधून काढला, जो मला नाक घासूनही दिसला नसता. इतकी वर्षं मी ज्याला गवत म्हणत होतो ते एक नव्हतंच. माझ्या अंगावर काटा आला. वर बघितलं तर बापूसाहेब हात जोडून उभे होते, देवळात उभं राहावं तसे.

त्याच उताराखालच्या तळ्याकाठी पुढे एक प्रकार घडला. आमच्या भटजीबुवांची कपिला गाय एक वाळकं हाडूक चघळताना सापडली. गावात हाहाकार! गोमाता आणि हाडूक! भटजी म्हणाले, अपशकुन, शांत करायला हवी. बापूसाहेब धावत गेले आणि गाईच्या तोंडाकडे बघून आनंदानं ओरडले, "शाबास!" आपल्या मातीत हाडाला लागणारा क्षारच कमी, म्हणून गवतातही कमी. गाभण गाईला ते जाणवतं आणि ती शोधत निघते, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. "तिला वैद्य नाही, पोथी नाही, आणि तरी तिला कळतं! भटजी, शांत कसली करता, पाया पडा तिच्या." मग त्यांनी हाडं भाजून त्याची पूड गुळातून गाईंना द्यायला सुरुवात केली. भटजींनी त्यांच्याकडे पाणी पिणं सोडलं, पण व्याल्यावर कपिला सपाटून दूध द्यायला लागली तेव्हा गुपचूप पूड मागायला माणूस पाठवला.

या सगळ्या कारभारात वहिनी, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नी, कुठे होत्या? घरात. रेवदंड्याच्या समुद्रकाठची ही मुलगी लग्न होऊन आमच्या डोंगराच्या पायथ्याशी आली. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या खिशातली कुसळं काढावीत, चिरल्या बोटांना तेल-हळद लावावी, ताट झाकून वाट बघावी, आणि तो जेवल्यावर उरलंसुरलं आपण खावं, असा त्यांचा दिवस जाई. बोलणं फार कमी. त्यांना काही हवं असल्याचं आमच्या घरी कुणी कधी ऐकलं नाही.

एका वर्षी पावसाळा सरता सरता हिवतापानं वहिनींना धरलं. कोयनेल पाजून ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांनी बापूसाहेबांना ओटीवर घेऊन स्पष्ट सांगितलं, "माझं औषध संपलं. आता पोटात अन्न गेलं तर बाई उठेल, नाही तर नाही. त्यांना काय आवडतं ते करून घाला."

डॉक्टर गेले. बापूसाहेब माझ्याकडे वळले. तोंड पांढरं पडलं होतं. "मास्तर, हिला काय आवडतं?"

मी आमच्या मंडळींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आवडतं म्हणजे? त्यांना सगळंच चालतं."

स्वतः वहिनींनी हेच उत्तर दिलं. "मला काय, काहीही चालेल."

गुरांमागे जाणं बंद झालं. बापूसाहेबांनी आपली नेहमीची रीत काढली. गोठ्यात ते गाईपुढे वेगवेगळ्या गवतांचे ढीग मांडत आणि ती कुठे वळते ते बघत. तशाच त्यांनी वहिनींच्या खाटेशी वाट्या मांडल्या. पेज, मुगाचं कढण, शेवयांची खीर, मेतकूट-भात, लिंबाचं लोणचं, भाजलेला पापड. आणि स्वतः समोर पाटावर बसले.

वहिनींनी वाट्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. "तुम्ही जेवलात?"

"मी जेवेन गं मागनं."

"मग आधी तुम्ही घ्या." नवऱ्याआधी त्या जन्मात जेवल्या नव्हत्या. आजारीपणात तरी कशा जेवणार? शेवटी वहिनींचं मन मोडू नये म्हणून बापूसाहेब खीर खायचे, कढण प्यायचे. दोन दिवस हा प्रयोग चालला आणि त्यात धष्टपुष्ट झाले ते बापूसाहेब. तिसऱ्या दिवशी ते आधी जेवून बसले. तेव्हा वहिनींनी त्यांचा चेहरा निरखला, त्यांची नजर खिरीवर जास्त रेंगाळतेय असं त्यांना वाटलं, म्हणून खिरीचा घोट घेतला. तो तसाच उलटून पडला.

बापूसाहेब ओटीवर येऊन मटकन बसले. "गाय माझ्या तोंडाकडे बघत नाही हो मास्तर. ही बघते. हिला स्वतःला काय हवंय ते मला दिसणार कसं?"

मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली, इतके ते एकटे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी दुपारी विचारपूस करायला गेलो. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, बापूसाहेब उशाशी. आमच्या दोन्ही घरांमागे हसनमियांचं घर. त्यांची स्टेशनाजवळ गवताची वखार होती, मूळचे तेही समुद्राकडचे. त्यांच्या चुलीवरून कसला तरी उग्र वास आला आणि मी नाकाला उपरणं लावलं. बापूसाहेबांनी एकदम माझा हात दाबला.

"बघा."

वहिनींच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. अगदी जराशा. मग मान हळूहळू खिडकीकडे वळली. डोळे मिटलेलेच होते.

तो वास सुक्या जवळ्याचा होता. समुद्रकाठी हा खाऱ्या वाऱ्यावर वाळवलेला बारीक जवळा पेजेबरोबर भाजून खातात. गुप्त्यांच्या घरात मासळीला बंदी नव्हती, पण लग्नाच्या पहिल्या वर्षी बापूसाहेब मासे जेवून रानात गेले आणि त्यांच्या हातच्या गवताकडे एकाही गाईनं तोंड वळवलं नाही. गाईचं नाक तिखट. त्या दिवसापासून संशोधनासाठी मासळी घरातून हद्दपार झाली. वहिनींनी तेव्हा मान डोलावली आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

हे सारं बापूसाहेबांच्या चेहऱ्यावरून सरसर गेलेलं मला दिसलं. ते उठले आणि मागच्या दारानं तडक हसनमियांच्या अंगणात. हसनमियांच्या पत्नी खतीजाबी दारात आल्या. "माझ्या घरातल्यांना जवळा हवाय," बापूसाहेब म्हणाले.

"अगो बाय, भाबीला? मंग आदी का नाय सांगितलं?" त्यांनी सुपातून ओंजळभर काढून दिला. "सुकाच हाय, न्या. तुमच्याच चुलीवर भाजा. करपवू नका मातर."

बापूसाहेबांनी पहिला घाणा करपवला. दुसरा जमला. त्यांनी पेजेचा वाडगा आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर जवळा खाटेशी ठेवला, आणि या वेळी समोर न बसता दाराशी माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

वहिनी कोपरावर उठल्या. पेजेचा घोट घेतला, जवळ्याची चिमूट तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिल्या. मग दुसरी चिमूट. तिसऱ्या वेळी त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "तिकडे तोंड करा बघू. असं बघत राहिलं की घास उतरत नाही."

बापूसाहेब आज्ञाधारकपणे वळले. आता त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. मिशीतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. गाईपुढे हात जोडणारा हा माणूस मी पाहिला होता, पण त्याला इतकं भारावलेलं कधी पाहिलं नव्हतं. पाठीमागे वाडगा खरवडल्याचा आवाज आला.

"उद्या गाई तुमच्या हाताला तोंड लावायच्या नाहीत हो," वहिनी म्हणाल्या.

"नाही लावलं तर नाही लावलं." ते खाटेपाशी जाऊन जमिनीवर बसले. "तुला आणखी काय आवडतं?"

वहिनींनी उशीला डोकं टेकून डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला.

"आठवावं लागेल," त्या म्हणाल्या.

मी चपला हातात घेऊन पायरी उतरलो. आतून वहिनींचा आवाज येत होता, थांबत थांबत, आणि मधेच बापूसाहेबांचा, "मग?"