भिंतीला पाणी

जिना नेमका अनंतरावांच्या दिवाणाच्या जागी येत होता. भैय्यालाल ठेकेदारानं तीनदा टेप लावून पाहिला, कानावरची पेन्सिल काढून शाळेच्या वहीत रेघा मारल्या आणि बाबूजींना उठावं लागेल असं सांगून टाकलं.

शांताबाईंना ते इतकं सोपं वाटलं नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर अनंतराव बारा वर्षं बरे होते. मग त्यांचा धाकटा भाऊ गेला, आणि गेल्या पोळ्यापासून ते दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून असत. अकराला उठायचे, जेवायचे, पुन्हा भिंत. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या त्या घरात माणसं दोन होती आणि त्यातल्या एकाची पाठच दिसायची.

तरीही घर वाढवायचं ठरलं होतं. हैदराबादला असलेला मुलगा निरंजन फोनवर म्हणाला होता की त्याच्या कंपनीचं ऑफिस नव्या रायपूरला उघडतं आहे, जमलं तर बदली घेतो. त्यातलं ‘जमलं तर’ शांताबाईंनी तिथल्या तिथे गाळून टाकलं. मागचं स्वयंपाकघर मोठं करायचं, वर दोन खोल्या आणि न्हाणीघर काढायचं, आणि जिना घरातूनच न्यायचा, म्हणजे नात ओवी सकाळी उठली की थेट आजीच्या ओट्यापाशी उतरेल. निरंजननं कर्ज काढलं आणि भैय्यालाल म्हणाला, “हव अम्मा.”

हव म्हणजे हो. तीस वर्षांत भैय्यालालनं कोणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याचं कुठलंही काम वेळेत संपलं नव्हतं. गुढ़ियारीत एका घरी नव्या सुनेसाठी म्हणून त्यानं बांधायला घेतलेलं न्हाणीघर तिच्या दुसऱ्या मुलाच्या बारशाला पूर्ण झालं, असं लोक सांगत. तरी माणूस सरळ होता.

दिवाण मधल्या खोलीत गेला. तिथे चहूबाजूंनी पेट्या आणि भांडी रचलेली असल्यामुळे अनंतरावांना तोंड करायला भिंत सापडेना. ते दोन दिवस पातेल्यांकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी मागची पहिली भिंत कमरेएवढी उठली आणि जाताना भैय्यालाल सवयीनं सांगून गेला की सकाळी भिंतीला पाणी मारावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सहाला शांताबाई उठल्या तर दिवाण रिकामा. अनंतराव मागच्या अंगणात बनियनवर उभे होते, हातात पाइप, आणि विटांवरून पाणी निथळत होतं. हे घर बांधलं त्या वर्षीही असंच होतं. तेव्हा पाइप नव्हता. अनंतराव ड्यूटीवर जाण्याआधी भिंतींना पाणी घालायचे आणि नव्यानं लग्न होऊन आलेली शांता नळावरून बादल्या भरून द्यायची. अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आपल्याच भिंतींना भेग नाही, हे ते पुढची चाळीस वर्षं आल्यागेल्याला सांगत. शांताबाईंनी चहा ठेवला.

महिन्याभरानं निरंजनचा भैय्यालालला फोन आला. बदली होणार नव्हती. वरचा मजला किरायानं द्यायचा, तेव्हा जिना बाहेरून पाहिजे, आणि हे आईला सध्या सांगायचं नाही. भैय्यालाल म्हणाला, “हव भैया.”

दोघांनाही हव म्हटलेलं असल्यामुळे त्यानं दोन्ही जिने सुरू केले. शांताबाईंनी बाहेरचा जिना कशाला म्हणून विचारलं तेव्हा तो टाकी साफ करायला असल्याचं त्यानं सांगितलं. टाकी साफ करायला चार फूट रुंद, कठड्याचा जिना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

त्याच आठवड्यात अनंतरावांनी भैय्यालालला विटांच्या ढिगाआड बोलावलं. “तुले मराठी समजते ना? मंग ऐक. पोरगा नाही येऊन राहिला. मले त्यानं सांगितलं. पण हिले नाही सांगायचं. तू काम हळू कर.”

भैय्यालालला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. हळू काम केल्याबद्दल आजवर त्याला शिव्या मिळाल्या होत्या, विनंती कोणी केली नव्हती.

“जोवर मिस्त्री येऊन राहिला,” अनंतराव म्हणाले, “तोवर तिचा पोरगा येऊन राहिला.”

“हव बाबूजी.”

भैय्यालालला हे जड गेलं. त्याचा उशीर आपोआप व्हायचा, मुद्दाम करायची त्याला सवय नव्हती. आता तो रोज नऊच्या ठोक्याला येऊन, काम पुढे सरकत नाही ना हे पाहू लागला. वरची फरशी बसली, ती रंग चुकला म्हणून अनंतरावांनी उखडायला लावली. पूर्वेची खिडकी पश्चिमेला गेली.

पंधरा दिवसांनी शांताबाईंनी त्याला ओट्यापाशी बसवून पोहे दिले. त्याला वाटलं, आता खरडपट्टी. पण त्या हळूच म्हणाल्या, “बाहेरचा जिना पाहिला तवाच मले समजलं. आईच्या घरात राहायले येणारा पोरगा बाहेरून जिना लावते काय? यायले, तुझ्या बाबूजीले, नको सांगू. अन् काम नको संपवू.”

भैय्यालाल पोहे खायचा थांबला.

“पाणी मारायची भिंत संपली,” त्या म्हणाल्या, “की मंग त्यायले तोंड करायचीच भिंत उरते.”

भैय्यालालनं बराच विचार केला. “सीमेंट सात दिन पानी माँगता है, अम्मा,” तो म्हणाला. म्हणजे दर सात दिवसांनी एक नवी भिंत लागणार होती.

ती तो देऊ लागला. गच्चीचा कठडा शांताबाईंच्या सांगण्यावरून एका बाजूनं पाडून पुन्हा बांधला, मग दुसऱ्या बाजूनं. एक आडवी भिंत उठली, आठवडाभर पाणी प्यायली आणि पाडली गेली. मजुरीला येणारी रेजा सोनिया, जी पाडलेल्या विटा खाली नेई आणि त्याच विटा वर आणी, तिनं एकदा नुसतं भैय्यालालकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. अनंतराव मात्र रोज सहाला पाइप घेऊन उभे असत. हळूहळू ते चहाच्या वेळी बोलूही लागले, बहुतेक मिस्त्रीच्या नावानं खडे फोडायला.

शेजारच्या पद्मजाताईंनी आपलं स्वयंपाकघर भैय्यालालला द्यायचं ठरवलं होतं, ते काढून घेतलं. पाऱ्यात कोणी संथपणा केला की लोक त्याला भैय्यालाल म्हणू लागले. पावसाळ्यापर्यंत त्याच्या हातात हे एकच काम उरलं. भनपुरीच्या एका गोदामवाल्यानं तेवढं विचारलं होतं, पण त्याची अट होती की आधीचं काम संपवून सोमवारी या.

त्याआधीच्या शनिवारी निरंजन विमानानं आला. त्यानं दोन जिने पाहिले. आतला जिना वर जाऊन एका भिंतीला टेकत होता. भिंत ओली होती.

“आठ महिने!” तो भैय्यालालवर ओरडला. “दो कमरे में आठ महिने? एक तारीख को किराएदार आ रहा है। उसको क्या बोलूँ?”

किराएदार हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला गेला. अनंतरावांनी शांताबाईंकडे पाहिलं नाही, शांताबाईंनी अनंतरावांकडे. भैय्यालालला दोन वाक्यांत आपली तीस वर्षांची अब्रू परत मिळवता आली असती. तो वहीकडे पाहत म्हणाला, “हव भैया. गलती मेरी है.”

निरंजन संध्याकाळच्या विमानानं परत गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि सगळं नंतर समजावून सांगतो म्हणाला. रिक्षा वळेपर्यंत दोघं दारात उभे होते.

“तुले कधीपासून माहीत होतं?” अनंतरावांनी विचारलं.

“बाहेरच्या जिन्यापासून. तुम्हाले?”

“त्याच्या आधी.”

“मंग फरशी काहून उखडायले लावली?”

“तू ओवीच्या पलंगाची जागा मोजून राहिली होती.” त्यांनी वर गच्चीकडे पाहिलं. “अन् तू कठडा काहून पाडला?”

“तुम्ही सहाले उठून राहिले होते.”

जिन्यावर भैय्यालाल खोकला. त्याचं सामान बांधून झालं होतं. किराएदारापुरतं सगळं तयार होतं, फक्त न्हाणीघराचा नळ उघडून दाखवायचा राहिला होता. “तो अम्मा, फिनिश समझूँ? सोमवार को भनपुरी जाना है.”

तिघं वर गेले. भैय्यालालनं एक बादली पाणी फरशीवर ओतलं. कुठेही न साचता, कुठेही न अडता ते सरळ जाळीपर्यंत गेलं आणि नाहीसं झालं. आयुष्यात त्याला इतका नेमका उतार कधी जमला नव्हता. तिघंही कोरड्या होत चाललेल्या फरशीकडे पाहत राहिले.

“उतार चुकला,” अनंतराव म्हणाले.

“चुकलाच,” शांताबाई म्हणाल्या. “मागची भिंतही थोडी सरकवावी लागते.”

भैय्यालालनं बांधलेलं सामान खाली ठेवलं आणि खिशातून टेप काढला.

“हव अम्मा.”